‘का’ म्हणजे मासा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. फ्या साउ डोंगरावरच्या रस्त्यासाठी वनखात्याने दिलेल्या अहवालात, पान सात, तुमच्या सहीच्या अगदी वर: ‘माथ्यावरील डबक्यात नोंद घेण्याजोगा एकही जीव आढळला नाही.’ सही केलीत त्या दिवशी माझा अर्ज तुमच्याच टेबलावर पडला होता. त्याला त्या जिवाचे बावीस फोटो जोडलेले होते. तुम्ही डबक्यापर्यंत चढला नाहीत हे मी समजू शकतो, चढ वाईट आहे. अर्ज तर हाताच्या अंतरावर होता.

मी नोंग वान थिएप. बाजारात मोटारसायकली दुरुस्त करतो. शाळा आठवीत सुटली, तेव्हा माझी भाषा सोसा.

ते जनावर मला दाखवलं मुई चान मावशीने. झाओ जमातीची बाई, सत्तरीची, डोंगरातल्या औषधी मुळ्या आणून आमच्या बाजारात विकते. तिच्या वस्तीत पोटदुखीवर ‘का कोक’ नावाचं जनावर वाळवून, कुटून देतात. दिसायला सरडा, पण कातडी ओली आणि कूळ बेडकाचं. पुस्तकात त्याला न्यूट म्हणतात. एका एप्रिलमध्ये मावशी दुकानात आली, टोपलीतून शेवाळात गुंडाळलेलं एक बाहेर काढलं आणि म्हणाली, याचं पोट काळं आहे, हे मी कुटणार नाही, तू एवढी पुस्तकं चाळतोस तर सांग हे काय आहे.

पुस्तकातल्या एकाशीही ते जुळेना. पोट डांबरासारखं काळं, आणि शेपटीच्या खालच्या कडेला एकच नारिंगी रेघ.

तीन वर्षं मी दर रविवारी माथ्यावरच्या त्या डबक्याकडे गेलो. ज्या व्हर्नियरने पिस्टन मोजतो त्यानेच एकेचाळीस जनावरं मोजली आणि परत पाण्यात सोडली. वहीत लिहिलं: ‘डोकं रुंदीपेक्षा किंचित लांब. दोन्ही कुशींवर तेरा-तेरा गाठी, शेवटच्या तीन एकमेकींना चिकटलेल्या. मागचा पाय पुढे ओढला तर बोटं पुढच्या पायाच्या कोपराला टेकतात.’ हे लिहिताना काय वाटायचं ते मी बायकोलाही सांगितलं नाही. या ओळी जगात माझ्याआधी कुणी लिहिलेल्या नव्हत्या.

वही मी हनोईला डॉ. क्वेनबाईंना पाठवली. त्यांचा उभा जन्म बेडकांत गेलाय. त्यांचा फोन आला की जात नवीन आहे, पण नुसत्या वहीने भागत नाही. चार नमुने मारून संग्रहालयात ठेवावे लागतात, आणि पकडण्याच्या परवान्याचा क्रमांक नसेल तर वर्णन कुणी छापत नाही. मारायचं ऐकून मी दोन दिवस त्यांचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, “नाव नसलेल्या जनावरासाठी कुणी रस्ता वळवत नाही, थिएप.”

मग मी अर्ज भरला. प्राण्याचं नाव विचारलं होतं. मी ‘का कोक’ लिहिलं, दुसरं काय लिहिणार? ‘का’ म्हणजे मासा आणि ‘कोक’ म्हणजे खरबरीत बेडूक. तुमच्या कारकुनाने पहिला शब्द वाचला आणि फाइल मासेमारी खात्यात पाठवली. आठ महिन्यांनी तिथल्या माणसाने मला बोलावलं.

“जाळ्याची भोकं किती मापाची?”

“जाळं नाही. हाताने उचलतो.”

“बरं. होडीचा नंबर?”

डबकं माझ्या दुकानाएवढं आहे, मी सांगितलं.

“म्हणजे होडी लहान असणार,” तो म्हणाला. थट्टा करत नव्हता तो, लिहीत होता.

तिथून फाइल तुमच्याकडे परत आली. तुम्ही म्हणालात, सरकारी यादीत एकच का कोक आहे, दुसऱ्या डोंगरावरचा, त्याचंच नाव टाका. मी म्हटलं, हा तो नव्हे, याला अजून नाव नाही.

“नाव नाही तर परवाना कशाचा देऊ?”

“परवाना मिळाला की नाव देता येईल, साहेब.”

“आधी नाव आणा.” आणि तुम्ही मला चहा ओतलात. चहा चांगला होता. त्याचाच मला जास्त राग येतो.

मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “तुझ्या साहेबाला विचार, तो स्वतः कुठल्या यादीत आहे. माशांच्या की बेडकांच्या?” दोघं खूप हसलो. तेव्हा हसता येत होतं.

या मार्चमध्ये यंत्रं वर चढली. माथ्यावर पर्यटकांसाठी मनोरा होतोय, त्याचा रस्ता. मावशीला आधी कळलं. ती पोचली तेव्हा डबकं निम्मं बुजलं होतं. चिखलात हात घालून तिने दोन काढले, एक नर, एक मादी. गुडघ्यापर्यंत माखलेली तशीच माझ्या दुकानात येऊन बसली.

“बाकीचे खाली ओरडत असतील का रे?”

“त्यांना आवाज नसतो, मावशी.”

“मग कुणाला कळणार.”

नर नवव्या दिवशी मेला. मी त्याला पहिल्या धारेच्या मक्याच्या दारूत बुडवून ठेवला. क्वेनबाईंना फोन केला. परवान्याशिवायच्या नमुन्याला त्या हातही लावू शकत नाहीत, असं त्या म्हणाल्या.

त्यानंतर अकरा दिवसांनी तुमचा परवाना आला. ‘बिननावाचा उभयचर, चार नमुने, फक्त नमूद केलेल्या डबक्यातूनच.’ तारीख ताजी, शिक्का ठसठशीत. मी तो घेऊन वर गेलो. का गेलो, माहीत नाही. तिथे आता गाड्या लावायची जागा आहे. खडीवर कागद घेऊन उभा राहिलो. रोलरवाल्याने विचारलं, कुणाला शोधताय मामा?

मादी दुकानामागे कपडे धुण्याच्या टबात आहे. शेवाळावर तिने चौतीस अंडी घातली आहेत. वर पत्रा आहे, दुपारी पाणी तापतं, मी बर्फाच्या पिशव्या सोडतो. बर्फ वितळतो, मी पुन्हा आणतो. ती त्याच डबक्यातून आली, पण परवान्याआधी, आणि आता डबकंच नाही, म्हणून तिला मारून नाव देणं बेकायदा. टबात ठेवणंही बेकायदा. दुसऱ्या ओढ्यात सोडली तर तेही, आणि तिथे ती जगेल की नाही हे या पृथ्वीवर कुणालाच माहीत नाही. चार अंडी पांढरी पडली आहेत.

मे निम्मा सरला, साहेब. जूनमध्ये बर्फही पुरणार नाही. या मादीला मी कुठल्या पाण्यात सोडू? लेखी सांगा, आणि खाली सही करा.