शर्मिष्ठाशिवायचा प्रयोग

बोरिवलीच्या त्या हौशी नाटक ग्रुपमध्ये म्युझिक म्हणजे शर्मिष्ठा, हे ठरूनच गेलं होतं. पवईच्या एका कंपनीत ती प्रोग्रामर होती. एकांकिकेचं पार्श्वसंगीत बटण दाबताच बरोबर वाक्याला वाजावं म्हणून तिनेच एक प्रोग्राम लिहिला होता. तो चालायचा मात्र फक्त तिच्या लॅपटॉपवर, ज्या सॉफ्टवेअरमध्ये तिने कोड लिहिला होता त्याच्या आतूनच. त्यामुळे प्रयोग ठरवताना दिग्दर्शक प्रांजल आधी तिला फोन करायचा. "तुला सुट्टी कधी आहे सांग, मग हॉल बघतो." हे तिला फार आवडायचं.

यंदा स्वरदा ग्रुपमध्ये आली. अजून कॉलेजात होती. तिने शर्मिष्ठाकडून कोड मागून घेतला आणि आठवडाभरात त्याची एक स्वतंत्र फाईल बनवून आणली. डबल क्लिक केलं की प्रोग्राम सुरू. कोड उघडायला नको, ते सॉफ्टवेअरही नको.

"झकास!" प्रांजल म्हणाला. "पेन ड्राइव्ह खिशात टाकायचा आणि निघायचं. शर्मिष्ठा, आता टेन्शन घेऊ नकोस. तू नसलीस तरी चालेल."

तो प्रेमानेच बोलला होता. शर्मिष्ठा हसलीसुद्धा. पण रिक्षातून घरी जाताना तिला तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. एकांकिका स्पर्धेची तारीख या वेळी तिला ग्रुपवरच्या मेसेजमधून कळली.

रंगीत तालमीला कोणी बोलावलं नव्हतं, तरी ती गेली. सोबत लॅपटॉपही घेतला. स्वरदाने थिएटरच्या कॉम्प्युटरवर फाईल सुरू केली. स्क्रीनवर बटणं दिसली, पण पहिल्या प्रवेशाला आवाजच नाही. तिने पुन्हा दाबलं. काहीच नाही.

"घरी चालत होतं," स्वरदा रडवेली झाली.

शर्मिष्ठाला कारण लगेच कळलं. प्रोग्राम गाण्यांचं फोल्डर स्वतःच्या शेजारी शोधायचा. तसं तिनेच लिहिलं होतं. पेन ड्राइव्हवर गाणी भलतीकडेच ठेवलेली होती. फोल्डर उचलून फाईलजवळ ठेवायचं, बस. ती चहाच्या कपाकडे बघत बसून राहिली.

"शर्मिष्ठा, तुला काही कळतंय का गं?" प्रांजलने विचारलं.

"बघावं लागेल," ती म्हणाली. "लॅपटॉप आणलाय मी. तोपर्यंत त्यावर करू."

वायर जोडली, म्युझिक वाजलं. प्रांजलने लांबूनच हात जोडले. "वाचवलंस यार!" स्वरदा खुर्ची सोडून मागे जाऊन उभी राहिली. शर्मिष्ठाला बरं वाटलं. फक्त तिला मागे वळून बघवेना.

स्पर्धेच्या दिवशी तिने ऑफिसातून रजा टाकली आणि म्युझिक तिच्याच लॅपटॉपवरून वाजवलं. एकांकिकेला दुसरं बक्षीस मिळालं. थिएटरबाहेर सगळे फोटो काढत होते, तेव्हा स्वरदा तिच्याजवळ आली.

"ताई, तालमीच्या दिवशीच मला सापडलं होतं गं. फोल्डर फाईलच्या बाजूला हवं होतं. घरी जाऊन चालवूनही बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रजा टाकली होतीस ना. म्हटलं, राहू दे. तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं," शर्मिष्ठा म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

स्वरदाने तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि फोटो काढायला गेली.

पुढचा प्रयोग मुलुंडला होता. त्या दिवशी सुट्टी असूनही शर्मिष्ठाने ऑफिसचं काम असल्याचं सांगितलं. प्रांजल आग्रह करेल, तारीखही बदलेल, असं तिला वाटलं होतं.

"चालेल गं," तो म्हणाला. "स्वरदा आहे."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर प्रयोगाचा व्हिडिओ आला. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या होत्या. शर्मिष्ठाने इयरफोन लावून तो पाहिला, मग पुन्हा सुरुवातीपासून पाहिला. एखादं तरी म्युझिक उशिरा आलं असेल, असं तिला वाटत होतं. एकही आलं नव्हतं.