सैल वीण

इगा गावात सुमिएबाईंनी चाळीस वर्षं मुलांना रेशमी दोरी विणायला शिकवलं. गोल लाकडी चौकीवरून वजनदार रिळं लोंबत असतात. ती एकमेकांवरून फिरवत राहिलं, की मधून विणलेली दोरी खाली उतरते. बाईंचं पालुपद एकच, "घट्ट ओढ."

शुक्रवारी संध्याकाळी त्यांची जुनी विद्यार्थिनी चिहाया आली. ती आता स्टेंट बनवणाऱ्या कारखान्यात होती. केसाहून बारीक तारांची पोकळ नळी तिने बाईंच्या तळहातावर ठेवली.

"बाई, मेंदूतल्या रक्तवाहिनीला कधीकधी फुगा येतो. ही जाळी त्याच्या तोंडाशी बसवली, की रक्त फुग्यात न शिरता सरळ जातं. पण आत गेल्यावर डॉक्टरांना ती कमीजास्त रुंद करता यायला हवी. माझी हलतच नाही. सोमवारी डॉक्टर तपासायला येणार. नाही जमलं, तर काम बंद."

बाईंनी चष्मा लावला. "वीण तर सुरेख आहे. कुणी शिकवली?"

"तुम्हीच."

"मग चूक माझीच की."

त्यांनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला. त्यात प्रत्येक मुलाची पहिली दोरी जपलेली होती. त्यातली एक निळी, ढगळ, पोकळ दोरी त्यांनी उचलली.

"माझी?" चिहायाने तोंड झाकलं. "अजून आहे?"

"तुझ्या लग्नात सगळ्यांना दाखवणार होते. तू कसली संधी देतेस."

बाईंनी दोरीची टोकं जवळ ढकलली. दोरी फुगली. ताणली, तशी बारीक झाली.

चिहाया बघतच राहिली. "धागे एकमेकांवरून सरकतायत."

"करकचून आवळलेले सरकतील कसे? तुझ्या यंत्रावरचा ताण निम्मा कर."

सोमवारी दुपारी फोन आला. काचेच्या वाकड्या नळीत डॉक्टरांनी जाळी ढकलली, ती फुगून भिंतीला टेकली. जागा चुकली म्हणून ओढली, तर निमूट बारीक होऊन मागे सरली.

"काम सुरू राहणार, बाई. डॉक्टर विचारत होते, हे कुठे शिकलीस?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, दुसरीत. आणि त्याबद्दल ओरडा खाल्ला."

बाई कितीतरी वेळ हसत होत्या.

पुढच्या वर्गात एका मुलीची वीण सैल पडत होती. बाई तिच्या चौकीपाशी थांबल्या. ओठावर आलेला शब्द त्यांनी गिळला.

"कशासाठी विणतेयस गं?"

"मांजराच्या गळ्यात बांधायला."

"मग बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारी बसल्या.