अडतीस खिडक्यांची पटवही

मित्रांनो, सिंहासनं हलवण्याची ताकद जगात दोनच गोष्टींत असते: भूकंपात आणि लेखी नोंदीत. मी लेखी नोंद आहे. सध्या मी एका डुगडुगत्या कपाटाच्या पुढच्या डाव्या पायाखाली आहे, आणि कपाट आता अजिबात हलत नाही.

मी एका सरकारी हायस्कूलच्या पटाची जुनी वही आहे. माझा जन्म बाइंडरच्या दुकानात झाला. दोनशे पानं, जाड पुठ्ठा, पाठीला निळं कापड. शाळेत आले तेव्हा कारकुनांनी मला खाकी कव्हर घातलं आणि रकाने आखले: नाव, जन्मतारीख, पालकाचा व्यवसाय, घरची भाषा, चाचणीचे गुण, शेरा. प्रत्येक मुलाला माझ्यात एक ओळ मिळाली. डॉक्टरांच्या मुलाला एक, हमालाच्या मुलीला एक. दीड कुणालाच नाही. तेव्हाचे हेडमास्तर पाहुण्यांना सांगत, "आमच्या शाळेत शिस्तीत वागणारी ही एकटीच." मी अभिमानाने फुगत असे. थोडीफार दमट हवेनेही फुगत असे, पण तो फरक कुणाला कळत नसे.

मग नवे साहेब आले. शिक्षक त्यांना पाठीमागे 'शंभर टक्के' म्हणत. शाळेचा निकाल अठ्ठ्याहत्तरच्या वर जात नव्हता आणि साहेबांनी शंभर टक्के निकालाचा फलक आधीच रंगवून घेतला होता. निकाल तेवढा लागायचा राहिला होता.

दहावीचे अर्ज भरायच्या आठवड्यात त्यांनी मला टेबलावर उघडलं आणि व्यवसायाच्या रकान्यावरून बोट खाली नेलं.

"हमाल. गवंडी. धुणीभांडी. पुन्हा हमाल. आणि घरी भाषा भलतीच! काय हो, हा शाळेचा पट आहे की मजुरांचा नाका?"

"साहेब, शाळा सरकारी आहे," कारकून म्हणाले.

"म्हणून निकाल बुडवायचा? या सगळ्यांपुढे लिहून टाका, 'स्थलांतर, शाळा सोडली'. यांचे अर्जच जायला नकोत."

"गुण बघून लिहू ना?"

"गुण कशाला? घर कळलं की गुण कळतात. तीस वर्षं नोकरी झालीय माझी."

माझ्या शेऱ्याच्या रकान्यात 'नियमित' असं लिहिलेलं होतं. कारकुनांनी दाढीचं पातं काढलं आणि ते अडतीस ठिकाणी खरवडलं. मित्रांनो, तुमची कधी कुणी जिवंतपणी साल काढली आहे का? मी तिथल्या तिथे सुडाची शपथ घेतली. वहीकडे शस्त्रं फारशी नसतात. पानाच्या कडेने मी साहेबांचं बोट कापलं. त्यांनी ते चोखलं आणि चहा मागवला. पहिला हल्ला वाया गेला.

पण खरवडलेल्या कागदावर शाई ठरत नाही, फुटते. कारकून 'स्थलांतर' लिहू लागले तसं मी प्रत्येक अक्षर मनसोक्त पसरू दिलं. अडतीस ओळींत अडतीस मेलेले कोळी दिसू लागले.

दोन दिवसांनी दहावीतली एक मुलगी अर्ज भरायला आली. तिची आई शाळेच्या कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करायची.

"तुझा अर्ज नाही," कारकून म्हणाले. "तुझं स्थलांतर झालंय."

"कधी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी तुम्हीच मला खडू आणायला पाठवलं होतंत, काका."

कारकून चष्मा पुसत बसले. तासाभराने तिची आई आली, हातात साहेबांचे इस्त्री केलेले पाच शर्ट.

"दादा, आम्ही गेलो कुठं ते तरी सांगा. घर आवरायला हवं ना."

"ताई, माझ्या हातात काही नाही."

"अक्षर तर तुमच्याच हातचं दिसतंय. परवा मुदत संपते. पोरीचं वर्ष गेलं तर कोण भरून देणार?"

आतून साहेबांनी दार लोटून घेतलं. बाईंनी शर्ट परत काखेत मारले. "साहेबांना सांगा, शर्टांचंही स्थलांतर झालं."

दुसऱ्या दिवशी मायलेकी शिक्षण कचेरीत जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी, मुदत संपायला सहा तास असताना, तपासनीस बाई माझ्यासमोर होत्या. त्यांनी माझं एकेक पान उचलून खिडकीशी धरलं. मी जीव तोडून उजेड आरपार सोडला. अडतीस खिडक्या उघडल्या.

"एका मंगळवारी अडतीस घरं हलली?" बाई म्हणाल्या. "हमाल गेले, गवंडी गेले. डॉक्टर एकही नाही. पूर आला होता का? तोही व्यवसाय विचारून?"

"बाई, ती... जरा कच्ची मुलं होती."

"ही इस्त्रीवालीची मुलगी कच्ची? गणितात अठ्ठ्याण्णव. वर्गात पहिली. आणि हा मुलगा तुम्ही ठेवलात. गणितात अकरा. पालकाचा व्यवसाय: हेडमास्तर."

"तो आमचा धाकटा," साहेब हळूच म्हणाले.

"ते रकान्यातच कळलं."

मित्रांनो, या एका वाक्यासाठी मी दुसऱ्यांदा खरवडून घ्यायला तयार आहे.

बाईंनी साहेबांना खुर्चीत बसवलं आणि अडतीस अर्ज त्यांच्याच हाताने लिहून घेतले. ते दर अर्जाला माझं पान उलटत होते आणि मी दर पानाला माझं काम करत होते. पाच वाजता त्यांच्या बोटांना सात पट्ट्या होत्या. सहा माझ्या. सातवी स्टेपलरची, उगाच श्रेय घेत नाही.

अडतिसांपैकी तेहतीस पास झाले. इस्त्रीवालीची मुलगी शाळेत पहिली आली. धाकटा पुढच्या वर्षी पुन्हा बसला. शंभर टक्क्यांचा फलक पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून बसला, तिथे तो चांगलं काम करतो. मग संगणक आला आणि माझी रवानगी कपाटाखाली झाली.

माझा राग अजून गेलेला नाही आणि मी तो जाऊ देणारही नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी हेडमास्तर झालात, तर प्रत्येक मुलाची ओळ शेवटपर्यंत वाचा. एका रकान्यावर थांबलात, तर कुठल्यातरी कपाटात एखादी वही तुमच्या बोटांची वाट बघत असेल.

आणि हो, पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. किळस येते.