बीजाचा हौद

जुना सिमेंटचा हौद आहे मी, मित्रांनो, आणि जन्माचा भित्रा. हौदाला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याला दुसऱ्याचा जीव पोटात सांभाळायचा असतो, त्याच्या पोटात भीतीही असतेच.

चांदा जिल्ह्यात, आलापल्लीच्या वाटेवर ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं, एक गाव आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांतली ही गोष्ट. एका कडक उन्हाळ्यात गावचा तलाव आटला आणि मासळी संपली. चिखलात दडून बसलेले मरळ तेवढे वाचले, आणि मरळ म्हणजे बारीक पिल्लांचा काळ. पुढे सरकारने कलकत्त्याहून रोहू-कतल्याचं बीज, म्हणजे माशांची इवली पिल्लं, द्यायचं कबूल केलं. ती आधी माझ्यात वाढायची आणि बोटाएवढी झाली की तलावात जायची. बीज जगलं तर गावात जाळी विणली जाणार होती. मेलं तर घरदार सोडून सारे लाकूडतोडीला जंगलात जाणार होते. एवढं ओझं माझ्या चार भिंतींवर टाकून गवंडी निघून गेला.

मासळी खात्याचा देवाजी मला बघायला आला. त्याने माझ्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "नवा सिमेंट लई तिखट असते जी. पानी भरा, सोडा, पुन्हा भरा. तनस अन् शेन टाकून कुजू द्या. भिंती हिरव्या झाल्या, पान्यात किडे फिरून राह्यले, का समजा हौद तयार झाला."

गावाने तसंच केलं, भाताचा पेंढा आणि शेण माझ्यात कुजवलं. माझ्या पाण्याला घाण वास येऊ लागला, पोरं नाक दाबून पळू लागली. पण ढिवरांचा म्होरक्या नानाजी याची बायको रंभा रोज यायची, पाण्यात हात घालायची आणि विचारायची, "काऊन बाबा, झाला का तयार?" हळूहळू माझ्या भिंती बुळबुळीत झाल्या. पाण्यात किडे आले. पहिल्यांदाच मला वाटलं, आता कुणी आलं तर मी सांभाळीन.

तेवढ्यात बीज चांद्याला उतरल्याची बातमी आली आणि गाव हुरळून गेलं. आमच्याकडे नवरी यायची म्हटली की घराला चुना लागतो. तो लागला नाही तर अपशकुन! रंभाच सगळ्यांत पुढे. "लक्षुमी येऊन राह्यली अन् भिंती अशा बुरसलेल्या? लोक काय म्हनतील?" नारळाच्या शेंड्यांनी बायकांनी मला खरवडलं. सारी हिरवळ उकिरड्यावर गेली. मग चुन्याचे हातावर हात दिले, चुना वाळायच्या आत विहिरीचं पाणी भरलं आणि कडेला गेरूचे पट्टे ओढले. जो तो म्हणे, काय देखणा दिसतो हौद! माझ्या मात्र अंगाची आग होत होती. माझं पाणी विष झालं होतं, ते मला कळत होतं आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बीजाच्या हंड्या आल्या. डोंग्यातून वैनगंगा ओलांडून, पुढे बैलगाडीने. देवाजी मागच्या गाडीत होता. पिल्लांना हवा मिळावी म्हणून हंड्या हलवून हलवून त्याचे दंड सुजले होते. पण त्याची वाट बघायला कुणाला धीर? नानाजीने नारळ फोडला आणि पहिली हंडी माझ्यावर कलती केली.

येऊ नका, येऊ नका, असं मी म्हणत राहिलो. पिल्लं आली. या भिंतीवरून त्या भिंतीकडे पळाली, जागच्या जागी गरगर फिरली आणि उलटी झाली. थोड्याच वेळात पाण्यावर अक्षता सांडल्यासारखं पांढरं झालं. तेव्हा वाटलं, माझे दगड निखळून पडले तर बरं.

दुसरी हंडी कलायला लागली होती. रंभाने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि किंकाळी फोडली. "थांबा जी! पानी जिभेले चावून राह्यलं! चुना हाये हा, म्याच लावला वो!"

देवाजी धावत आला. पाणी पाहून त्याचा चेहराच उतरला. "हंडीत दम नाई उरला जी. अन् तलावात सोडलं त मरळ खाऊन टाकतीन."

रंभा घराकडे धावली. पेटीतली लुगडी घेऊन आली. तिचं बघून बाकीच्या बायकांनीही आणली. तलावाच्या उथळ पाण्यात बांबू रोवून त्यांनी लुगड्यांचा चौकोनी पिंजरा बांधला, खालून-बाजूंनी सगळा बंद, आणि उरलेल्या हंड्या त्यात सोडल्या. ते बीज जगलं. गाव वाचलं.

मला मात्र "जीवखाऊ" नाव पडलं. आया लेकरांना माझ्याकडे फिरकू देईनात. पावसाचं पाणी भरे, पालापाचोळा पडून कुजे, आणि भिंती पुन्हा हिरव्या होत. एखादा बेडूक काठावर बसला तरी मी थरथरायचो. बाबा रे, जा परत, माझा भरवसा धरू नको!

पुढच्या वर्षी बीज यायच्या आधी रंभा आली. हातात बांबूची टोपली, टोपलीत नाल्यातले झिंगे, पाणी पारखायला. ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती. टोपली पाण्यात सोडून ती काठावर बसली. नानाजीने जेवायला बोलावलं तर म्हणाली, "घास उतरत नाई. हे मेले त म्या कोनाले तोंड कसं दाखवू?"

मी एकेक झिंगा मोजत होतो. दुपार कलली. झिंगे टोपलीच्या कामट्यांना धरून पाय हलवत होते, शेवाळ चाखत होते. दिवस मावळेपर्यंत एकही मेला नाही. रंभाने माझ्या बुरसलेल्या भिंतीला गाल लावला आणि ढसाढसा रडली. त्या वर्षी बीज माझ्यात आलं आणि बोटाएवढं होऊन तलावात गेलं. नंतर कितीतरी वर्षं येत राहिलं.

आता मला तडे गेले आहेत, तरी पावसाळ्यात माझ्यात जीव असतात. आणि मित्रांनो, खरं सांगतो, नवा जीव पाण्यात उतरला की मी अजून घाबरतो. तुम्हीही थोडं घाबरत जा. माझा अवतार पाहून कुणाला माझी दया येईल, हातात खराटा आणि चुन्याची बादली घेऊन तो येईल. त्याला एवढंच सांगा, की घासण्याआधी जरा वाकून बघ, आत कुणी राहतं का.