बर्फातलं १८१५ साल

मे २००८. न्हावाशेवा बंदरातून गोव्याच्या प्रयोगशाळेकडे निघालेल्या गाडीचं शीतयंत्र पनवेलजवळच्या कोन गावापाशी बंद पडलं. आत अंटार्क्टिकातून खोदून आणलेल्या बर्फाचे तुकडे होते. सोबतची संशोधक शाजिया पनवेलचीच. तिच्या यूनुसमामूंचं माशांचं कोल्ड स्टोरेज होतं. पेट्या तिथे हलवल्या.

तिचा जीव एका तुकड्यात अडकला होता. तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५च्या उद्रेकातलं गंधकाचं आम्ल हवेतून ध्रुवापर्यंत गेलं होतं. त्याचा थर या तुकड्याच्या मधोमध होता. त्यावरून ती उद्रेकाचा जोर मोजणार होती. असा दुसरा तुकडा तिच्याकडे नव्हता.

गाडीवाल्याशी बोलून ती परतली, तोवर भारनियमन सुरू झालं होतं. आत टॉर्चच्या उजेडात जुने कामगार दयाराम सुरीने पिशव्या फाडून बर्फावर मूठमूठ मीठ टाकत होते.

"काका, थांबा!"

"लाइट गेली हाय, ताई. पापलेटच्या बर्फावर आमी असंच मीठ मारतो. गारवा वाढतो."

"कुठल्या फाडल्या?"

त्यांनी दाखवलेल्या दोन पिशव्यांत १८१५च्या तुकड्याची होतीच.

मामू मागून आले. "झटकून टाक, बेटा. कोणाला कळणार?"

"समुद्राच्या मिठातही गंधक असतं, मामू. मोजणीत ते मिसळेल."

"मग ज्वालामुखी मोठा दिसेल. तुझाच फायदा!"

ती हसली नाही. मीठ एकाच टोकाला पडलं होतं. स्वच्छ करवत काढून तिने ते टोक कापलं. कापलेल्या बाजूला एक बारीक चीर दिसली. तिने टॉर्च जवळ धरला. चीर मधल्या थराच्या पलीकडे गेली होती आणि आत ओल चमकत होती. इतक्या थंडीत शुद्ध बर्फाला पाणी सुटत नाही.

थराच्या पलीकडची ओल तिने बोटावर घेतली, जिभेला लावली.

"काय झालं?" मामूंनी विचारलं.

"खारट आहे. मीठ चिरेतून थरात उतरलंय."

दयारामांनी सुरी खाली ठेवली. "मला कोन बोललंच नाय, ताई."

"मीच सांगायला हवं होतं, काका."

तिने पिशवीवर 'दूषित' लिहिलं आणि फोन काढला.

"घाई करू नकोस," मामू हलक्या आवाजात म्हणाले. "गोव्याला जाऊन बघ. नोकरीचा सवाल आहे."

गोव्याच्या प्रयोगशाळेत फोन उचलला गेला.

"सर, १८१५चा थर गेला," शाजिया म्हणाली. "तुकडा येईल, पण मोजायला घेऊ नका."