आठ खुंट्यांचा डबा

माझ्या गॅरेजात एक नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे. डब्यात आठ खुंट्या परत आल्याशिवाय गाडी लिफ्टवरून खाली उतरायची नाही. नव्या कारागिराला मी हे पहिल्याच दिवशी ऐकवतो, तेही अशा आवाजात की त्याची बोलती बंद व्हावी.

जुन्या गाड्यांच्या पोटाला लेप लावायचं माझं काम. चाकाखालची खडी उडून पत्र्यावरच्या रंगाचे टवके निघतात, तिथे पाणी लागतं आणि गंज धरतो. म्हणून खालून जाड, काळा, रबरासारखा थर फवारायचा. दारांच्या खाली दोन्ही बाजूंना एक लांब पोकळ पेटी असते. दारांच्या फटींतून झिरपलेलं पाणी तिच्यात उतरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. ही भोकं बुजली की संपलं. त्यामुळे फवारण्याआधी त्यांत लाकडी खुंट्या बसवायच्या आणि लेप वाळला की उपटायच्या. एका बाजूला चार, दोन्हीकडे मिळून आठ. खुंट्या बाबांनी तासून दिलेल्या. बाबांनी जन्मभर सुतारकाम केलं. एका मोडक्या खुर्चीच्या पायातून त्यांनी आठही अशा काढल्या की एक झाकावी आणि दुसरी दाखवावी.

ती गाडीही बाबांचीच. चाळीस वर्षांपूर्वी घेतलेली, आता दादाकडे असते. दोन वर्षांपूर्वी मी तिला लेप लावला. घरचंच काम, म्हणून गिऱ्हाइकांच्या गाड्यांमधून वेळ काढून, घाईघाईत उरकलं. दादा गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी डबा उघडला तर आत सहाच खुंट्या. पडल्या असतील कुठेतरी, असं स्वतःला सांगून मी दोन नव्या तासल्या आणि डबा भरून टाकला. दादाला एक फोन करायचा होता, तेवढा केला नाही.

वर्षभराने दारांखाली रंगाला फोड आले. तेव्हा मी दादाच्या घरी जाऊन, वहिनी आणि बाबांच्या देखत त्याला फैलावर घेतलं. "भर पावसात फिरवतोस, नळी लावून धुतोस, पुसायचं नाव नाही! मी जीव तोडून काम करायचं आणि तू त्याची वाट लावायचीस?" दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो एवढंच म्हणाला, "बरं, काळजी घेतो." त्या दिवसापासून गाडी आच्छादनाखाली गेली. दर रविवारी तो बाबांना तिच्यातून लांबवर फिरवून आणायचा, तेही थांबलं.

परवा तो गाडी घेऊन आला. पाय ठेवायच्या जागी पत्रा दबायला लागला होता. बाबा सोबत आले होते, गाडी बाहेर काढतोय म्हटल्यावर स्वतःच चपला घालून तयार बसले म्हणे. त्यांना भिंतीजवळ खुर्ची दिली आणि मी गाडी वर घेतली.

"वर्षभर पाण्याचा थेंब लागू दिलेला नाही हिला," दादा म्हणाला. "ओल्या फडक्यानेसुद्धा पुसली नाही. वहिनीला विचार हवं तर." माझा थोरला भाऊ माझ्यासमोर उभा राहून साक्षीदार देत होता. मी हुं म्हणालो आणि खाली शिरलो.

मागच्या चाकाजवळ लेपाला एक छोटा उंचवटा लागला. खरवडला तर आत लाकूड. पकडीने ओढलं, तसं तांबडं पाणी आणि ओला चिखल भसकन माझ्या तोंडावर आला. हातात बाबांची खुंटी होती. दुसऱ्या बाजूला गेलो, तिथेही तोच उंचवटा, तीच खुंटी. पाणी जिथे येऊन साठतं नेमकी तीच दोन भोकं मी बुजवून ठेवली होती.

"काय निघालं रे?" दादाने विचारलं.

"काही नाही. चिखल." दोन्ही खुंट्या मी खिशात टाकल्या. किती सहज टाकल्या!

तेवढ्यात बाबा खुर्चीतून बोलले. "त्याला नको रागावूस. भर पावसात फिरवतो म्हणून तू त्याला बोललास ना, त्या दिवशी मीच हट्ट केला होता, चल म्हणून. तो नको म्हणत होता. नंतर मी कधी चल म्हटलं नाही." हे ते जमिनीकडे बघत बोलले.

मी गाडीखालून बाहेर आलो. जाऊन दोन्ही खुंट्या त्यांच्या हातावर ठेवल्या. बाबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी अंगठा फिरवला. "ह्या तर माझ्या."

"आत राहिल्या होत्या, बाबा. काढायच्या मीच विसरलो. पाणी आत कोंडलं आणि पत्रा सडला. दादाचं काही चुकलं नाही. तुमचंही नाही."

"घट्ट झाल्या असतील," बाबा म्हणाले. "मीच जरा सैल तासायला हव्या होत्या."

"बाबा, नका ना असं बोलू!" मी ओरडलो. तेव्हाही ओरडलोच.

दादाने फळीवरचा डबा आणून उघडला. "यात तर आठ आहेत," तो म्हणाला आणि डबा बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी एकेक चाचपली आणि दोन बाजूला काढल्या. "ह्या माझ्या नाहीत. ओबडधोबड आहेत. कधी केल्यास?"

"लेप लावला त्याच संध्याकाळी."

दादा माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे दोन कमी आहेत हे तुला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"आणि तरी तू मला बोललास. सगळ्यांसमोर."

"हो."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता वळून गाडीखाली गेला आणि ठिबकणाऱ्या पाण्याखाली हात धरून उभा राहिला. मी काळवंडलेली बोटं फडक्याला पुसत होतो, पुसून झाली तरी पुसत होतो.

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. "मग गाडी नीट झाली की," त्यांनी चाचरत विचारलं, "रविवारी मी चल म्हटलं, तर चालेल का रे?"

गाडी दादाची, नेणारा दादा. पण विचारताना त्यांनी तोंड माझ्याकडे केलं होतं.