उकंडरावांच्या रेघेत रंग भरताना

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. तुमच्या घरातला मोबाइल माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही माझी गोष्ट ऐका, कारण त्याने पाहिलं नसेल असं काहीतरी मी पाहिलं आहे.

खामगावच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं. पहिली कित्येक वर्षं मी लग्नपत्रिका छापण्याच्या कामी होतो. गणपती, कलश, मामांची नावं, सगळं माझ्या पोटातून जायचं. माझ्यापुढे अनुपमा नावाची मुलगी बसायची. तिची बोटं इतकी झरझर चालत की मला दम लागे. पुढे लोक मोबाइलवरच पत्रिका पाठवू लागले आणि दुकान बंद झालं. मालक अनुपमाला म्हणाले, "तुह्या लग्नात मी काही दिलं नाही. हा घेऊन जाय."

अशा रीतीने मी पिंपळगाव राजाला, तिच्या सासरी आलो. तिथे मात्र माझ्याकडे कोणी पाहीना. अनुपमा भाजीच्या वावरात कामाला जाई. माझ्यावर जुन्या चादरीचा तुकडा पडला आणि चादरीवर कांद्याची टोपली.

अनुपमाचे सासरे उकंडराव नामांकित पेंटर. आजूबाजूच्या गावांतल्या दुकानांच्या पाट्या त्यांनीच रंगवलेल्या. पण छापील फलक आले, पाट्यांचं काम थांबलं, आणि त्याच सुमारास त्यांचा उजवा हात थरथरू लागला. तरी ते घरात बसून पेन्सिलीने चित्रं काढत. कसली? तर त्यांच्या वावरातली वांगी चोरणारा एक वांदर आणि हातात झारा घेऊन त्याच्या मागे धावणाऱ्या अन्नपूर्णाबाई, म्हणजे त्यांची बायको! एका कागदावर बाईंचा पाय उचललेला, दुसऱ्यावर थोडा पुढे, तिसऱ्यावर आणखी पुढे.

एकदा अनुपमाने तो गठ्ठा हातात धरून भराभर पानं सोडली. अन्नपूर्णाबाई धावल्या! वांदराने उडी मारली! ती हसत हसत खालीच बसली. शाळेच्या मुख्याध्यापिका सुचिताबाईंना तिने ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "सव्वीस जानेवारीपर्यंत रंगीत करून द्या, शाळेच्या पडद्यावर दाखवू."

त्याच दिवशी माझ्यावरची चादर निघाली.

हिशोब असा होता: एका सेकंदाला आठ कागद, चाळीस सेकंदांची गोष्ट, म्हणजे तीनशे वीस चित्रं. तीस काढायची राहिली होती. अनुपमा एकेका कागदाचा फोटो काढून मला देई. रंग भरण्यासाठी तिने तीन प्रोग्राम आणले, तिन्ही फुकट मिळणारे.

पहिला हलका होता, मला मुळीच त्रास देत नसे. पण थरथरत्या हाताची रेघ मधे मधे तुटते. वांदराच्या पोटात करडा रंग ओतला की तो फटीतून बाहेर सांडे आणि आभाळासकट सगळं करडं होई. अनुपमाने वीस कागदांच्या फटी हाताने बुजवल्या आणि मग कपाळाला हात लावला.

दुसरा मोठा टापटिपीचा. त्याने फटी तर बुजवल्याच, शिवाय रेघाही गुळगुळीत केल्या. अनुपमा खूश झाली. तिने सासऱ्यांना बोलावलं. उकंडरावांनी पडद्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"रेघ लय सुंदर हाय, पोरी. पण हे माही नाही."

"मामाजी, तुमचीच आहे. फक्त सरळ केली."

"मंग आता मशीनच काढीन. माहं काय काम?"

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिल हातात धरली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तीस कागद कोरेच राहिले. मित्रांनो, मी यंत्र आहे, पण त्या दोन दिवसांत मला माझ्या हुशारीची लाज वाटली.

मग अनुपमाने तिसरा उघडला. तो इतका जड की एकेका चित्राला माझा पंखा किंचाळे. पण त्याची तऱ्हा निराळी होती. फट आहे तशी ठेवून तो रंग तेवढा आत अडवी. रेघेला तो हातच लावत नसे. अनुपमाने सासऱ्यांना हाताला धरून आणलं.

"पाहा बरं मामाजी, ही रेघ कोणाची?"

उकंडरावांनी चष्मा लावला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि एकदम हसले. "माहीच तं हाय! थरथरून राह्यली ना!"

संध्याकाळपर्यंत त्यांनी कोऱ्या कागदांपैकी चार काढून दिले.

दोनशे चित्रं रंगली, तेव्हा अन्नपूर्णाबाई पाहायला आल्या. "हे काय व अनुपमा? मले हिरवं लुगडं काऊन नेसवलं? झाडाईत मी दिसूनच नाही राह्यली! अंजिरी कर."

उकंडराव घाबरले. दोनशे कागद पुन्हा? पण तिसऱ्याने प्रत्येक रंग एका डबीत ठेवला होता. अनुपमाने त्या एका डबीतला हिरवा बदलला, आणि दोनशे अन्नपूर्णाबाई एका क्षणात अंजिरी झाल्या.

"अगं माय!" बाई म्हणाल्या. "एवढ्या लवकर तं मी पदर बी नाही सावरत."

शेवटी सगळी चित्रं एकत्र जोडताना मी तापून बंद पडलो. पंचवीस तारीख होती. अनुपमाने माझं झाकण उघडलं. आत धुळीचा गादीसारखा थर. उकंडरावांनी पाट्या रंगवण्याचा आपला मऊ ब्रश आणला आणि त्या थरथरत्या हाताने माझ्या पंख्याचं एकेक पातं झाडलं. इतक्या मायेने मला आजवर कोणी हात लावला नव्हता. मी पुन्हा सुरू झालो.

सव्वीस जानेवारीला मला शाळेत नेलं. चाळीस सेकंदांत मुलं इतकी हसली की सुचिताबाईंना चित्रपट पाच वेळा लावावा लागला. वांदर निसटला की निम्मी मुलं टाळ्या वाजवत. झारा उगारला की उरलेली निम्मी. दुसरीतली एक मुलगी उकंडरावांपाशी येऊन म्हणाली, "आबा, तुमची रेघ कशी नाचून राह्यली! मले शिकवता?"

आता दर रविवारी अकरा मुलं आमच्या ओसरीवर चित्रं काढतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचा हात थरथरत असेल, तर त्याच्यापुढे कोरा कागद ठेवा आणि पेन्सिलीला टोक करून द्या. आणि कोपऱ्यात माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याच्यावरची कांद्याची टोपली तेवढी उचला.